एकटा असता, तर त्याने हात उचलला असता का?

शाळेबाहेर हाणामारी झाली, धक्का लागल्यावरून कुणी चाकू काढला, अशी बातमी आली की दोन आरोपी ठरलेले असतात: मोबाइल आणि ‘वाईट वळणाचा’ मुलगा. विज्ञानाचे उत्तर इतके सरळ नाही. ते समजून घ्यायला आपल्या डिलाईल रोडचा इतिहास उपयोगी पडतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत येणारा पगार थांबला. कुणाचे वडील गावी गेले, कुणाचे घरीच बसले. आई मिळेल त्या कामाला लागली. अनेक मुलांचे शिक्षण तुटले. त्याच दशकात मध्य मुंबईत टोळ्या फोफावल्या आणि गिरणगावातली काही मुले त्यांत ओढली गेली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात संपानंतरचे असेच एक घर दिसते.

पण तीच चाळ आणि तीच बेकारी वाट्याला येऊनही बहुतेक मुले टोळीत गेली नाहीत. म्हणजे केवळ गरिबीने हिंसा होत नाही. मग फरक कशाने पडतो?

मित्र पाहत असताना

वयात येताना मेंदूतली भावना आणि उत्तेजनेची यंत्रणा जोरात काम करू लागते. तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात एकटी असताना बेताने खेळणारी किशोरवयीन मुले मित्र शेजारी असताना कितीतरी जास्त धोका पत्करत होती. प्रौढांमध्ये असा फरक जवळजवळ दिसला नाही. नाक्यावर चार जणांसमोर ‘घाबरलास काय?’ हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला का पेटवतो, ते यावरून कळते.

घरातला मारही मोजावा लागतो. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकता जास्त आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हिंसक व्हिडिओ गेमचा गंभीर गुन्ह्यांशी थेट संबंध मात्र सिद्ध झालेला नाही.

चाळीचे डोळे

रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतील ३४३ वस्त्यांचा अभ्यास १९९७ मध्ये मांडला. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि दुसऱ्याच्या मुलालाही हटकण्याची तयारी होती, तिथे हिंसा कमी होती. गरिबीचा परिणाम वेगळा काढल्यावरही हे खरे ठरले. ‘अरे, कुणाचा रे तू?’ म्हणणारे गॅलरीतले काका, व्यायामशाळेतले वस्ताद, कबड्डी संघाचे प्रशिक्षक हे मुलांचे संरक्षणच होते. आज चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. घर मोठे होईल, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र बंद दारांमागे हे डोळे मिटू नयेत.

पालकांनी काय करावे?

● ‘कुठे होतास?’ याबरोबरच ‘कुणाबरोबर होतास?’ हेही विचारा. मित्रांना घरी बोलवा, नावाने ओळखा.
● शाळा बुडवणे, अचानक आलेले पैसे, अंगावरच्या खुणा, झोप उडणे याकडे दुर्लक्ष करू नका. अशा वेळी मुलगा स्वतःच कुणाच्या मारहाणीचा बळी असू शकतो.
● मारू नका. राग ओसरल्यावर बोला आणि भांडणातून बाहेर पडण्याचे वाक्य त्याच्याकडून आधीच ठरवून घ्या. ‘घरून फोन आलाय, निघतो’ एवढेही पुरते.
● रोज ठरलेल्या वेळी खेळ, तालीम, ढोलपथक असे काही असू द्या आणि तिथे एक जबाबदार मोठा माणूस असू द्या.
● मदतीसाठी टेली-मानस १४४१६ आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ या क्रमांकांवर मोफत फोन करता येतो.

हात उगारण्याआधी मुलाला थांबायला काही क्षण पुरतात. ते क्षण मिळवून देणारा मोठा माणूस त्याच्या जवळपास असायला हवा.