सातपुड्यातील होळी आणि आपला प्रायश्चित्तकाळ



फाल्गुन महिना जवळ आला की नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कॅथलिक कुटुंबांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. गुजरातमध्ये ऊसतोडीला वा अन्य मजुरीला गेलेली माणसे होळीसाठी गावी परततात. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील आदिवासी बांधवांना होळी हा दिवाळीहून मोठा सण वाटतो. भोंगऱ्याचे बाजार भरतात, पाड्यापाड्यांत ढोल घुमू लागतात. आणि त्याच दिवसांत चर्चमध्ये वेदीवर प्रायश्चित्तकाळाचा जांभळा रंग असतो. "फादर, आम्ही होळीला जावे की जाऊ नये?" असे आम्हा धर्मगुरूंना विचारले जाते. नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

हे दोन काळ एकत्र का येतात, हे प्रथम समजून घेऊ. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस होय. होळी फाल्गुन पौर्णिमेला असते. त्यामुळे ती बहुधा प्रायश्चित्तकाळातच येते. काही वर्षी तर ती पवित्र सप्ताहात येते. २००८ साली २१ मार्च या एकाच दिवशी शुभ शुक्रवार आणि होळी आली होती. २०२४ साली होळी पेटली ती झावळ्यांच्या रविवारी. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला असून होळी पुन्हा पवित्र सप्ताहाच्या आरंभी येते. हा प्रश्न टाळून टळणारा नाही.

यात पणाला काय लागले आहे? २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांतून आलेले आपले भाविक बाप्तिस्मा घेतल्याने परके झाले नाहीत. राज्यघटनेनुसार केलेल्या अनुसूचित जमातींच्या यादीतही धर्माची अट नाही. तरीही ख्रिस्ती कुटुंब होळीपासून पूर्णपणे दूर राहिले, तर "यांनी आपले गणगोत सोडले" असे नातलगांना वाटते. उलट, डोळे मिटून सारे विधी केले, तर घरातील मूल विचारते, "मग आपला बाप्तिस्मा कशासाठी?" एकीकडे समाज तुटण्याचे भय, तर दुसरीकडे श्रद्धा विरघळण्याचे.

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेने हेच अनुभवले होते. यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांवर कोणते नियम लादावेत यावर यरुशलेममध्ये प्रेषितांनी विचार केला आणि अनावश्यक ओझे न घालण्याचे ठरविले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आपण वाचतो. करिंथ येथील भाविकांचा प्रश्न तर आपल्या प्रश्नाचे सख्खे भावंडच होय. देवतेला वाहिलेले मांस खावे काय, असे त्यांनी विचारले होते. संत पौलाचे उत्तर समतोल आहे: शेजाऱ्याने जेवायला बोलावले तर जा आणि वाढलेले खा, परंतु हे देवतेला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्याच्या विवेकासाठी ते खाऊ नका. देवतेच्या वेदीत मात्र सहभागी होऊ नका. पौलाने पंगत आणि पूजा यांत भेद केला, आणि शेजाऱ्याचे घर वर्ज्य केले नाही.

ख्रिस्तसभेची पुढील वाटचालही याच दिशेने झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, ते मराठी ओवीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकांच्या चालीरीतींत जे अंधश्रद्धा व चूक यांच्याशी अटळपणे जोडलेले नाही, ते आपुलकीने जपावे असे शिकविले. १९६९ साली भारतातील उपासनेसाठी आरती, अंजली, तेलाचा दिवा आदी बारा बाबींना रोमची मान्यता मिळाली. मात्र ही चिन्हे बहुतांशी मंदिरपरंपरेतील आहेत. सातपुड्यातील ढोल, पावरी आणि फेर यांचा त्यांत फारसा विचार नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली ॲमेझॉनमधील आदिवासींविषयी लिहिताना त्यांच्या धार्मिक रीतींना उतावीळपणे अंधश्रद्धा ठरवू नये, असे बजावले होते.

या शिकवणीच्या आधारे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला: येथे मी माणसांना भेटत आहे की एखाद्या देवतेची पूजा करीत आहे? वडीलधाऱ्यांना भेटणे, एकत्र जेवणे, गावाच्या कामाला हात लावणे आणि फेर धरणे हे नात्याचे काम आहे. बळी देणे, नवस बोलणे, भगताकडून कौल घेणे हे आपल्यासाठी नाही. दुसरा: यामुळे घराचे भले होते काय? हंगामाची कमाई दारूत गेली आणि पुढच्या उचलीचे कर्ज डोक्यावर बसले, तर ते शुभवर्तमानाशी विसंगत आहे. मग सण होळीचा असो वा नाताळचा. तिसरा: माझ्या वागण्याने श्रद्धेत नवख्या असलेल्या भावाला ठेच लागते काय?

राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दिवशी उपवास व मांसवर्जन बंधनकारक आहे. त्या दिवशी होळीची पंगत आली, तर नातलगांना आधीच नम्रपणे सांगावे. त्यांना हे समजणे कठीण नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील प्रसिद्ध होळीत मोरपिसांचा टोप घालून नाचणारे अनेक दिवस व्रतस्थ राहतात, जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात. ज्या समाजाला व्रताचा अर्थ कळतो, त्याला आपला उपवासही कळेल. किंबहुना त्यांची निष्ठा पाहून आपण आपला प्रायश्चित्तकाळ किती सैलपणे पाळतो, याचे आत्मपरीक्षण करावे.

धर्मग्रामांचीही जबाबदारी आहे. ऊसतोडीच्या तळावर रविवारचा ख्रिस्तयाग मिळत नसेल, तर दोन-चार कुटुंबांनी मिळून प्रार्थना करावी अशी शिफारस धर्मसभेचा कायदाच (कलम १२४८) करतो. त्यासाठी जाण्यापूर्वी त्यांच्या हाती प्रार्थनापुस्तक द्यावे. आणि पुनरुत्थानाच्या जागरणविधीचा आरंभ चर्चबाहेर पेटविलेल्या नव्या अग्नीनेच होतो, हे विसरू नये. त्या अग्नीभोवती आपल्या लोकांचा ढोल वाजला, त्यांच्या बोलीत स्तुतिगान झाले, तर घरातल्या मुलाला दिसेल की ख्रिस्ताकडे येताना त्याच्या आईवडिलांनी आपला डोंगर मागे टाकलेला नाही.

प्रभू येशू नाझरेथच्या बोलीत बोलला, कानाच्या लग्नात पाहुणा म्हणून बसला, आणि तरीही पित्याच्या इच्छेपासून तसूभर ढळला नाही. त्याच्यासारखे आपल्या लोकांत राहून विश्वासू राहण्याची कृपा आपणां सर्वांना लाभो.