विश्लेषण : जुनी क्रूझर बोट घेताना आधी इंजिन का पाहायचे?

मुंबई–मांडवा परिसर, मालवण–तारकर्ली किंवा गोव्यातली मांडवी. जलपर्यटन वाढले तशी केबिन असलेल्या जुन्या मोटार क्रूझरकडे हौशी मंडळींची आणि पर्यटन व्यावसायिकांचीही नजर वळू लागली. नव्या बोटीपेक्षा किंमत कमी असते आणि रंगरंगोटी नजरेत भरते. इंजिन मात्र फळीखाली झाकलेले असते. बंद पडलेली गाडी रस्त्याकडेला लावता येते. बोट बंद पडली, की वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जाते. म्हणूनच जुन्या बोटीचा सौदा हा मुख्यतः इंजिनाचा सौदा असतो.

पेट्रोल की डिझेल?

पेट्रोल इंजिन हलके आणि स्वस्त असते. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळात साचते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे पेट्रोल इंजिन बोटीच्या आत असेल, तर सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे ब्लोअर चालवून वाफ बाहेर काढावीच लागते. डिझेल इतक्या सहज पेट घेत नाही. १०० अश्वशक्ती वापरताना डिझेल इंजिनाला तासाला साधारण २० लिटर, तर पेट्रोल इंजिनाला ३० लिटरच्या आसपास इंधन लागते. वर्षात मोजक्याच फेऱ्या होणार असतील, तर पेट्रोलवरचे आउटबोर्ड मशीन परवडते. रोज प्रवासी न्यायचे असतील, तर डिझेल बरे.

अश्वशक्ती किती हवी?

ते बोटीच्या बांधणीवर ठरते. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला वेगाची नैसर्गिक मर्यादा असते. पाणरेषेवर ३० फूट लांबी असेल, तर ती साधारण सव्वासात नॉट, म्हणजे ताशी साडेतेरा किलोमीटर. तिथे मोठे इंजिन बसवले तर इंधन जास्त जळते, वेग फारसा वाढत नाही. पाण्यावर उचलली जाऊन धावणाऱ्या सपाट तळाच्या बोटीला मात्र जास्त ताकद लागतेच.

एक इंजिन की दोन?

एक बंद पडले तर दुसऱ्यावर परत येता येते आणि धक्क्याला लावताना बोट सहज वळते, हे दोन इंजिनांचे फायदे. पण देखभाल आणि सुटे भाग यांचा खर्च जवळपास दुप्पट होतो. शिवाय दोन्ही इंजिनांना एकाच टाकीतून इंधन जात असेल, तर गढूळ डिझेल दोन्ही बंद पाडते. त्यामुळे टाक्या आणि फिल्टर वेगळे आहेत का, हे विचारा. संथ बोटीसाठी एक दणकट डिझेल इंजिन आणि अडचणीपुरते छोटे आउटबोर्ड हाही व्यवहार्य पर्याय आहे.

तासांचा आकडा किती खरा?

चांगली निगा असेल तर बोटीतले पेट्रोल इंजिन साधारण दीड हजार तास आणि डिझेल इंजिन पाच हजार तासांच्या आसपास मोठ्या दुरुस्तीविना चालते, असा ढोबळ हिशेब आहे. पण १५ वर्षांत फक्त २०० तास चाललेले इंजिन उत्तम असेलच असे नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बोटी शाकारून ठेवतात. त्याआधी इंजिनातले खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढले नाही, तर आतून गंज धरतो. इंजिन थेट समुद्राच्या पाण्याने थंड होते की त्याला गोड्या पाण्याचे बंद चक्र आहे, हे पाहा. दुसरा प्रकार जास्त टिकतो.

चाचणी कशी घ्यायची?

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच ते गरम केलेले असेल, तर सुरू होतानाची अडचण झाकली जाते. धूर पाहा : निळा म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंजिनावर जास्त भार आहे किंवा हवा कमी पडते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल, तर इंधन पूर्ण जळत नाही किंवा आत पाणी शिरते आहे. मग नेहमीइतकी माणसे घेऊन तासभर समुद्रात फिरा. पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या आकड्यापर्यंत जात नसतील, तर पंखा चुकीचा आहे, तळाला शेवाळ-कालवे चिकटली आहेत किंवा इंजिन थकले आहे.

‘इंजिन नंतर बदलू’ हे परवडते का?

नव्या इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, धुराची नळी आणि इंजिनाखालचा पाया यांतही बदल करावे लागू शकतात. म्हणून हा खर्च सौद्यापूर्वीच लिहून काढा. महाराष्ट्रात मेरिटाइम बोर्डाकडची आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडची नोंदणी तपासा. कागदावरचा इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळवून पाहा. विसार देताना ‘तज्ज्ञाची तपासणी आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक नसल्यास रक्कम परत’ ही अट लेखी घ्या. विक्रेता याला तयार नसेल, तर दुसरी बोट पाहिलेली बरी.