पेशीतील वाटणीचे दोन कारभारी

काशीदच्या किनाऱ्यावरील सुरूचा शेंडा वाढत असतो, आणि त्याच किनाऱ्यावरील कुर्लीची मोडलेली नांगी कात टाकता टाकता पुन्हा उगवते. आपल्या जखमेवरची खपली पडते तेव्हा खाली नवी कातडी आलेली असते. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी क्रिया एकच आहे. एका पेशीच्या दोन पेशी होतात. ऐकावयास ही गोष्ट साधी वाटते. परंतु तीत जोखीम मोठी आहे.

जोखीम वाटणीची आहे. मनुष्याच्या पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात ४६ गुणसूत्रे असतात. शरीर कसे बांधावे व कसे चालवावे याचा सारा लेख या गुणसूत्रांत असतो. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते, आणि मग प्रत्येक जोडीतील एक एक प्रत दोन्ही लेकींकडे जावी लागते. भाऊबंदांच्या वाटणीत नारळाचे एखादे झाड इकडचे तिकडे गेले तर तंटा होतो, इतकेच. येथे एक गुणसूत्र कमीजास्त झाले तर पेशी मरते, किंवा त्याहून वाईट म्हणजे बिघडलेल्या स्थितीत जगते.

ही वाटणी करणारा एक कारभारी केंद्रकाच्या बाहेर, त्याला जवळजवळ चिकटून बसलेला असतो. त्याचे नाव सेंट्रोसोम. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ साली हे नाव रूढ केले. दोन अतिसूक्ष्म नळकांडी आणि त्यांच्याभोवती प्रथिनांचे वेष्टन, एवढाच त्याचा संसार. परंतु याच्यापासून ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे पोकळ धागे चहूकडे फुटतात. केंद्रकात गुणसूत्रांची नक्कल होत असते त्याच सुमारास सेंट्रोसोमचीही एक, आणि एकच, नक्कल होते. दोघांचे घड्याळ एक आहे, कारण दोघांनाही चालना देणारी नियंत्रक प्रथिने बव्हंशी तीच आहेत.

आता सहकार्य कसे होते ते पाहा. विभाजनाची वेळ आली की दोन सेंट्रोसोम केंद्रकाच्या आवरणावरून सरकत परस्परांपासून दूर जातात. आवरणावर बसलेली चालक प्रथिने धाग्यांना धरून ओढतात. या ओढाताणीने आवरण ताणले जाते आणि ते फाटण्यास मदत होते. आवरण गेले की दोन्ही बाजूंचे धागे आत शिरतात, आणि सूतकताईच्या चातीसारखी मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती आकृती तयार होते. तिला तर्कू म्हणतात. प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंचे धागे पकडतात. ज्या गुणसूत्राला अद्याप धागा मिळालेला नाही ते ‘थांबा’ असा रासायनिक इशारा देत राहते, आणि तेवढ्या एकासाठी सारे काम खोळंबते. शेवटची जोडी बांधली गेली म्हणजेच प्रती अलग होऊन दोन टोकांकडे ओढल्या जातात. मग प्रत्येक गटाभोवती नवे आवरण येते.

यावरून कोणी म्हणेल की सेंट्रोसोम धनी आणि केंद्रक नुसता माल. तसे नाही. काशीदच्या सुरूलाच विचारा. सुरूच्या, नारळाच्या किंवा कोणत्याही फुलझाडाच्या पेशीत सेंट्रोसोम नसतोच. तरी तर्कू बनतो. तेथे धागे केंद्रकाच्या आवरणापाशी व गुणसूत्रांभोवती उगवतात. प्राण्यांतही २००० साली शास्त्रज्ञांनी लेसर किरणाने पेशीतील सेंट्रोसोम नष्ट करून पाहिला. तर्कू तरीही उभा राहिला. गुणसूत्रे आपल्याभोवती असा रासायनिक प्रभाव निर्माण करतात की एरवी बांधून ठेवलेली धागे घडवणारी प्रथिने तेथे मोकळी होतात. २००६ साली सेंट्रोसोमातील नळकांड्यांवाचून वाढवलेल्या फळमाश्या प्रौढही झाल्या. मात्र संवेदनेला लागणारे सूक्ष्म केस नसल्याने त्या लवकरच मेल्या. तात्पर्य, प्राण्यांत सेंट्रोसोम कामाला वेग, दिशा आणि नेमकेपणा देतो. पण काम दोघांचे आहे.

कारभारी दोनच हवेत, हे बोव्हेरीने समुद्रातील साळू या काटेरी प्राण्याच्या अंड्यांवर दाखवले. अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की दोन सेंट्रोसोम येतात, त्यांचे चार होतात, आणि गुणसूत्रे चार दिशांना ओढली जाऊन अस्ताव्यस्त वाटली जातात. अशा अंड्यांतून निपजणारे भ्रूण बहुधा विकृत होत. त्यावरून १९१४ साली त्याने असे मांडले की कर्करोगाच्या गाठीचे मूळ अशाच चुकलेल्या वाटणीत असावे. आज अनेक गाठींच्या पेशींत दोहोंपेक्षा अधिक सेंट्रोसोम आढळतात.

हे संशोधन आपल्या रायगड जिल्ह्यातही चालते. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेले कर्करोग संशोधन केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या संस्थेत आले. तेथील शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवले की ‘१४-३-३’ गटातील काही प्रथिने पेशीतून कमी केली तर सेंट्रोसोमांची संख्या वाढते. यात न्यूक्लिओफॉस्मिन या प्रथिनाचाही हात असतो. ते एरवी मुख्यतः केंद्रकाच्या आत राहते, आणि सेंट्रोसोमची नक्कल कधी सुरू व्हावी यावर लक्ष ठेवते. म्हणजे घरातल्या माणसाने बाहेरच्या कारभाऱ्याला आवर घालावा, तसेच हे झाले.

हे ज्ञान औषधालाही उपयोगी पडते. दारात फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन नावाचे द्रव्य मिळते. १९६३ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. ते ट्यूब्युलिनला चिकटते, धागे जुळू देत नाही, आणि ‘थांबा’चा इशारा चालूच राहिल्याने पेशी विभाजनात अडकून मरते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. मात्र सदाफुलीची पाने कोणी घरी चघळू नयेत. या द्रव्याचे प्रमाण किंचित चुकले तरी ते विष होते, आणि ते मोजून देणे हे डॉक्टरांचेच काम आहे. कर्करोगाच्या पेशींबरोबर केसांच्या मुळांतील व रक्त घडवणाऱ्या निरोगी पेशीही विभागत असतात, आणि अशा औषधांचा मार त्यांनाही बसतो. या पेशींना कमीत कमी धक्का लावून बिघडलेल्या पेशींचेच विभाजन कसे रोखावे, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही; त्यावर काम चालू आहे.