दीड तोळ्याचा धबधबा

सिल्लोड असो वा अन्य कोणतेही बाजाराचे गाव, सराफी पेढीवर जुनी चांदी आली की प्रथम तागडी पुढे येते. वजन, कस, घट आणि त्या दिवसाचा भाव, एवढ्यात व्यवहार पूर्ण होतो. वस्तूवर काय कोरले आहे, यासाठी मोडीच्या हिशेबात रकाना नसतो. तुटक्या पैंजणाबाबत हे योग्यच आहे. परंतु त्याच मोडीत कधी नक्षीचा लहानसा परदेशी चमचा आढळला, तर तागडीत टाकण्यापूर्वी तो क्षणभर उजेडात धरावा.

प्रवासाची आठवण म्हणून चांदीचे चमचे घेण्याची लाट अमेरिकेत 1890 च्या सुमारास उसळली. 1889 मध्ये वॉशिंग्टन शहरातील गॉल्ट या जवाहिऱ्यांच्या पेढीने जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मुखाकृतीचा चमचा काढला. त्यापाठोपाठ सेलम गावच्या डॅनियल लो यांचा चेटकिणीच्या आकृतीचा चमचा लोकप्रिय झाला. रेल्वेने प्रवास सुलभ केला होता आणि पश्चिमेकडील खाणींमुळे चांदीही विपुल झाली होती. मग नायगाराला जाऊन आलेले जोडपे धबधब्याची खूण घरी आणू लागले: चमच्याच्या वाटीत कोसळणारा प्रवाह, दांड्यावर स्थळाचे नाव आणि वजन जेमतेम दीड-दोन तोळे.

या इवल्या चित्रांचे मोल काळाने वाढवले. न्यू हॅम्पशायर राज्यात ग्रॅनाइटच्या एका कड्याला वृद्ध पुरुषाच्या चेहऱ्याचा आकार होता. तो त्या राज्याचे मानचिन्ह झाला आणि चमच्यांवरही कोरला गेला. 3 मे 2003 रोजी तो कडा कोसळला. डोंगरावरील मुख नाहीसे झाले, चमच्यावरील उरले. नायगाराचेही रूप पूर्वीचे नाही. त्याचे बरेचसे पाणी वीजनिर्मितीकडे वळवले जाते आणि पर्यटकांसाठी किती पाणी राखायचे, हे 1950 च्या करारान्वये ठरते. आपल्याकडील जोगचा 253 मीटरचा प्रपातही लिंगनमक्की धरणानंतर पावसाळ्याबाहेर क्षीण दिसतो. निसर्ग अचल आहे, ही माणसाची समजूत आहे.

आटवलेली चांदी पुन्हा चांदीच होते; कोरलेले चित्र मात्र परत येत नाही. जानेवारी 1980 मध्ये चांदीचा जागतिक भाव औंसाला 50 डॉलरच्या जवळ पोहोचला, तेव्हा असंख्य जुन्या वस्तू भट्टीत गेल्या. भाव चढला की हा मोह आजही होतो.

अर्थात प्रत्येक चमचा जपण्याजोगा नसतो. मुलांकडे अमेरिकेस गेलेले आईवडील आज जे चमचे आणतात, त्यांतील बहुतेक साध्या धातूचे किंवा मुलाम्याचे असतात. दांड्याची मागील बाजू पाहावी. ‘स्टर्लिंग’ हा शब्द किंवा 925 हा आकडा असल्यास हजारात 925 भाग शुद्ध चांदी समजावी. इंग्लंडच्या चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असतो आणि बर्मिंगहॅमच्या मालावर त्याच्या जोडीला नांगर. ‘ईपीएनएस’ ही अक्षरे केवळ मुलाम्याची, तर जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. जुना चमचा मशीनवर घासून चकचकीत करू नये. बारीक कोरीवकाम झिजते. सौम्य साबणाचे कोमट पाणी आणि मऊ कापड पुरेसे होते.

संग्रह आणि परिग्रह यांतील अंतर येथेच कळते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलुपे, स्वयंपाकाची भांडी अशा हजारो नित्याच्या वस्तू जमवल्या. बालपणीच निवर्तलेल्या पुत्राच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि 1975 मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. जमवलेले स्वतःपाशी न राखता पुढच्यांच्या हाती दिल्याने त्या अडकित्त्यांना इतिहासाचे मोल आले.

सिल्लोडकरांना धबधब्यासाठी नायगारापर्यंत जावे लागत नाही. अजिंठ्याचा घाट उतरून लेण्यांपाशी गेले की वाघूर नदी पावसाळ्यात सप्तकुंडांतून कोसळताना दिसते. तेथून येणारा प्रवासी स्फटिक, माळा, लहान मूर्ती घेऊन परततो. सप्तकुंडाचे चित्र चमच्याच्या वाटीत कोरावयास कुशल कारागिराला एक जुना फोटो पुरे.

आणि घरात असा एखादा चमचा असेलच, तर व्यापाऱ्याच्या घरात वहीची वाण नाही. चमचा कोणी, कोठून, कोणत्या साली आणला, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून ती ओळ लिहून ठेवावी. पुढे कोणी तो तागडीत ठेवण्यास काढला, तर त्याला आधी ती ओळ वाचता येईल.