जुनी मारुती ८०० घेतांना

बैल विकत घेतांना आमचा शेतकरी दांत पाहातो, खूर पाहातो, जनावर चालवून पाहातो आणि मगच रुमालाखालीं बोटें धरतो. तोच शेतकरी जुनी मोटार घेतांना मात्र नव्या रंगास भुलतो व उसाच्या बिलाचे पैसे एका बैठकींत मोजून देतो, हें आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे. यास्तव खेडोपाडीं अद्याप आढळणाऱ्या मारुती ८०० ह्या गाडीविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही गाडी डिसेंबर १९८३ पासून गुडगांवच्या कारखान्यांतून बाहेर पडूं लागली व जानेवारी २०१४ मध्यें तिची निर्मिति थांबली. म्हणजे बाजारांत येणारी प्रत्येक गाडी वृद्धच आहे. इंजिन तीन सिलिंडरांचें व ७९६ घनसेंटिमीटरचें असून गति पुढील चाकांस मिळते. रचना इतकी साधी कीं तालुक्याच्या गांवचा बहुतेक कोणताही मिस्त्री ती उघडूं शकतो. पुढील खर्चाचे आंकडे अंदाजी आहेत. भागाच्या प्रतीप्रमाणें व गांवाप्रमाणें ते कमीजास्त होतील.

ह्या गाडीचा मुख्य रोग म्हणजे इंजिन तापणें. इंजिन पूर्ण थंड असतांना रेडिएटरचें झांकण काढून पाहावें; तापलेल्या इंजिनाचें झांकण कदापि काढूं नये. आंतील पाणी तांबूस असल्यास आधींच्या मालकानें कूलंटऐवजीं विहिरीचें पाणी भरलें असें समजावें. क्षारानें ठिबकाच्या नळ्यांचीं तोंडें कशीं बुजतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. रेडिएटरच्या बारीक नळ्यांची गत तीच होते. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तेलाच्या कांडीवर दुधाळ फेस दिसला, तर हेड गॅस्केट गेलें असें समजून किंमत उतरवावी, अथवा सरळ माघारीं फिरावें.

यानंतर इंजिन चालूं ठेवून गाडी वीस मिनिटें जागेवर उभी करावी. रेडिएटरमागील विजेचा पंखा आपोआप सुरू होऊन कांहीं वेळानें बंद झाला पाहिजे. रस्त्यावर वेगानें जातांना वारा लागतो, त्यामुळें पंख्याचा दोष उघड होत नाहीं. गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागें गाडी रेंगाळली म्हणजे तो उघड होतो. स्विच किंवा फ्यूज बिघडला असेल तर काम कांहीं शें रुपयांत होतें, पंख्याची मोटर जळाली असेल तर दोन हजारांपर्यंत. पण तशीच गाडी दामटली तर ॲल्युमिनियमचें हेड वांकतें, आणि तें घासून नवें गॅस्केट बसविण्यास पांच ते आठ हजार लागतात. कांहीं मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकण्याची युक्ति सुचवितात. ती आम्हांस मान्य नाहीं. तिनें इंजिन योग्य तेवढें तापत नाहीं, पेट्रोल अधिक जळतें आणि मूळ रोग झांकला जातो.

धुराकडे पाहावें. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खात आहे. संपूर्ण इंजिन बांधण्यास वीस ते तीस हजार रुपये जातात, आणि पुष्कळदां तेवढी त्या गाडीची किंमतही नसते. टायमिंगचा पट्टा शेवटीं कधीं बदलला हें विचारावें. खात्रीलायक उत्तर न मिळाल्यास तो लागलीच बदलावा, कारण तो तुटल्यावर गाडी जेथें असेल तेथेंच उभी राहाते.

पूर्ण वळण घेतांना पुढील चाकापाशीं कट्‌कट् असा आवाज आला, तर बाहेरचा सांधा झिजला आहे. त्यावरील रबरी बूट फाटून आंत माती गेली कीं हें होतें. बूट दोनतीनशें रुपयांचा. सांध्यास मात्र दोन-तीन हजार. क्लच घसरत असल्यास प्लेट व बेअरिंगसह साडेतीन ते पांच हजार धरावे. पायाखालील गालिचा उचलून पत्रा बोटानें दाबून पाहाण्यास मात्र खर्च कांहींच येत नाहीं. कोंकणांतून आलेल्या गाडीविषयीं ही दक्षता विशेष घ्यावी.

आणखी एक गोष्ट ऊस पिकविणारांनीं लक्षांत घ्यावी. २०२५ मध्यें देशांत पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट साध्य झालें. त्यांत आमच्या उसाचाही वांटा आहे, हें संतोषाचें आहे. परंतु कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचीं रबरें त्या मिश्रणासाठीं बनलेलीं नाहींत. तीं फुगतात व चिरतात. इथेनॉल हवेंतील ओलही शोषितें, म्हणून गाडी महिनोन्‌महिने गोठ्याशेजारीं उभी ठेवल्यास टाकी आंतून गंजते. पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा गाडी घेतांच बदलून घ्यावा.

शेवटीं कागद. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवावी लागते. पूर्वीं ६०० रुपये असलेलें हें शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० झालें, आणि २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींस १०,००० ठरलें. विक्रेत्याकडून नमुना २९ व ३० वर सह्या घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊं नये, आणि विमा चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवें करण्याचा अर्ज द्यावा.