रेकॉर्डींच्या शौकिनाला यंत्र देताना

कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही कामगार चळवळीतली माणसे आधी विचारतो: हे कोणाची किती झीज करणार? रेकॉर्डींच्या शौकिनाला टर्नटेबल भेट देतानाही हाच प्रश्न विचारावा.

दुकानात जाण्याआधी त्याचे कपाट पाहा. लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेतात. १९४८ साली आलेल्या लाँग-प्ले ३३⅓. आज मिळणारी पुष्कळ यंत्रे ३३ आणि ४५ एवढ्याच गतींची असतात. त्यांच्यावर बालगंधर्वांची जुनी तबकडी लावून उपयोग नाही. शिवाय ७८ची खाच रुंद. तिला सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते. लाँग-प्लेला एक सहस्रांश किंवा त्याहूनही बारीक.

दुसरी गोष्ट भाराची. चांगल्या यंत्राच्या दांडीला मागे वजन असते. ते फिरवून लाँग-प्लेसाठी सुईचा भार दीड-दोन ग्रॅमवर आणता येतो. स्वस्त पेटीवजा यंत्रांत तो बहुधा दुप्पट-तिप्पट असतो आणि कमी करता येत नाही. सुई बदलता येते ना, हेही विचारा. झिजलेली सुई खाच खरवडते.

तेव्हा पैसे बेताचे असतील तर पेटीची नक्षी सोडा आणि दांडी व सुई यांवर खर्च करा. यंत्र पुन्हा विकत मिळेल. घासून गेलेला आवाज कोणत्याच दुकानात मिळत नाही.