मोजून घातलेली फुली
फुलीच्या भरतकामाचा नाद लागला की वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्याचे मूळ हाताच्या सफाईपेक्षा मोजणीत आहे. कापडावर छापील नक्षी नसते. आलेखावरचा एकेक चौकोन मोजून उतरवायचा. आयडा कापडात इंचाला 14 घरे असली, तर 10 इंची चौरस चित्राला 19,600 फुल्या लागतात. पण काम कुठल्याही फुलीवर थांबवता येते, आणि हे मला फार मोलाचे वाटते: अंधेरी-बोरिवलीच्या घरांत सलग तीन तास कुणाला मिळतात?

यात नुसती नक्कल, कला कसली, असा आक्षेप असतो. मग धारवाडकडची कसुती पाहा. तिथे धागे मोजूनच, गाठ न मारता, गोपुरे, हत्ती, तुळशीवृंदावने इरकली लुगड्यांवर उतरतात. कच्छमधले सूफ भरत तर कापडाच्या उलट बाजूने, आलेखाशिवाय, मनात मोजून केले जाते. मोजणी कल्पनेला मारत असती तर ही नक्षी जन्मलीच नसती. यंत्राचे भरतकाम स्वस्त पडते, हे खरे. पण इथे ओढ तयार रुमालाची नसून तो भरण्याची असते. नवशिक्याने मोठे चित्र न घेता मॅटी कापडावर तोरणाची एक पट्टी घ्यावी आणि मध्यापासून मोजायला लागावे.